सरकारी वकील नव्हे, विधी सेवेचा वकील: नागपुरात मोफत वकील कसा मिळवायचा

सिव्हिल लाईन्समधल्या न्यायमंदिरात, म्हणजे जिल्हा न्यायालयात, शिरून समोर दिसेल त्याला “सरकारी वकील कुठं बसतात?” असं विचारलं, की तो तुम्हाला सरकारी वकिलांच्या कार्यालयाकडे पाठवतो. त्याचं काही चुकत नाही. सरकारी वकील म्हणजे फौजदारी खटल्यात शासनाची बाजू मांडणारा. तुम्ही आरोपी असाल तर तो तुमच्या विरुद्ध उभा असतो. फिर्यादी असाल तर तो तुमच्याच बाजूचा असतो, पण त्याला तुम्ही नेमलेलं नसतं. नवऱ्याकडून पोटगी हवी, घरमालकानं सामान बाहेर फेकलं, भावानं वाटणी नाकारली, अशा कामांशी त्याचा संबंधच नसतो. या एका शब्दापायी कितीतरी लोकांचा अख्खा दिवस जातो आणि “तिथं काही होत नाही” असं म्हणत ते घरी परततात.

म्हणून विचारताना “विधी सेवा प्राधिकरण कुठं आहे?” असं विचारा. “लीगल एड” म्हटलं तरी चालतं, न्यायालयातले बाबू आणि वकील रोज तोच शब्द वापरतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली (हा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला) तुमच्यासाठी वकील नेमला जातो आणि त्याचा मोबदला प्राधिकरण देतं. कोर्ट फी, समन्स बजावणीचा खर्च, नकला, टायपिंग, भाषांतर हेही त्यातच येतं. वकिलाला तुम्ही एक रुपयाही द्यायचा नसतो.

आधी पाहा, तुम्ही बसता का

सगळ्यात जास्त गैरसमज इथंच आहेत. “आमचं पिवळं कार्ड नाही, मग आम्हाला कसं मिळेल?” असं लोक विचारतात. रेशनकार्डाच्या रंगाचा इथं काही संबंध नाही. कायद्याचं कलम १२ पात्र लोकांची यादी देतं, आणि त्या यादीतल्या बहुतेकांना उत्पन्नाची अटच नाही.

महिला आणि मुलं यांना उत्पन्न न पाहता वकील मिळतो. महिन्याला पन्नास हजार कमावणारी बाईसुद्धा पात्र आहे. अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तींचंही तसंच, जातीचा दाखला पुरतो. दिव्यांग व्यक्ती, औद्योगिक कामगार, मानवी तस्करीचे किंवा वेठबिगारीचे बळी, पूर, दुष्काळ, भूकंप, औद्योगिक अपघात किंवा जातीय अत्याचार यांचे बळी, आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती हे सगळे पात्र आहेत. कोठडीत पोलीस कोठडी आणि तुरुंग तर येतातच, शिवाय सुधारगृह, बालगृह आणि मनोरुग्णालयही येतं.

या यादीत कुठंच न बसणाऱ्याला उत्पन्नाची अट लागते. महाराष्ट्रात ती वर्षाला ३ लाख रुपयांची आहे, सर्वोच्च न्यायालयातल्या कामासाठी ५ लाखांची. इतर मागासवर्गीय किंवा खुल्या प्रवर्गातला पुरुष कास्तकार, ऑटोचालक, पानठेलेवाला असाच, उत्पन्नाच्या दारातून आत येतो. कायद्यात अर्जदाराच्या उत्पन्नाचा उल्लेख आहे, तहसीलच्या दाखल्यावर मात्र कुटुंबाचं उत्पन्न लिहिलेलं असतं. मुलगा कमावता असेल आणि त्याचे पैसे तुमच्या हातात येत नसतील, तर हे अर्जात स्पष्ट लिहा. न लिहिता गेलात तर समोरचा फक्त दाखल्यावरचा आकडा बघेल.

दुसरी अट प्रकरणाची आहे. सकृतदर्शनी तुमच्या म्हणण्यात दम आहे का, हे प्राधिकरण बघतं. जिंकणारच, असं काही सिद्ध करावं लागत नाही, पण निव्वळ शेजाऱ्याला त्रास द्यायला केस टाकायची असेल तर वकील मिळणार नाही.

आणखी एक. समोरच्या बाजूनंही विधी सेवेचा वकील घेतला असेल तर घाबरू नका. नवरा-बायको दोघंही पात्र असतील तर दोघांनाही वकील मिळतो, वेगवेगळा.

कुठल्या दारात जायचं

प्रकरण ज्या न्यायालयात आहे किंवा जायचं आहे, त्यावर दार ठरतं. नागपूर शहरातली दिवाणी, फौजदारी, कौटुंबिक प्रकरणं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे येतात. त्याचं कार्यालय जिल्हा न्यायालयात आहे. प्रमुख जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष असतात, रोजचं काम सचिव पाहतात आणि तेही न्यायाधीशच असतात. काटोल, सावनेर, रामटेक, उमरेड अशा तालुक्याच्या न्यायालयात केस असेल तर तिथंच तालुका विधी सेवा समिती असते. तिच्यासाठी नागपूरला बसचं तिकीट काढायची गरज नाही.

उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातलं काम असेल तर खंडपीठाच्या इमारतीत उच्च न्यायालय विधी सेवा उपसमिती आहे. दोन्ही न्यायालयं सिव्हिल लाईन्समध्येच असल्यानं लोक एकाचा कागद दुसरीकडे देतात. अर्ज पुढं पाठवलाही जातो, पण त्यात दिवस जातात, आणि अपिलाच्या मुदतीत दिवस मोजकेच असतात.

प्रत्यक्ष जाणं जमत नसेल तर १५१०० या राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या मदतवाहिनीवर फोन करा, किंवा त्यांच्या संकेतस्थळावर अर्ज भरा. ऑनलाईन अर्ज केला की मिळणारा क्रमांक वहीत उतरवून ठेवा. मोबाइल हरवला, बदलला की स्क्रीनशॉटही जातो. घराजवळच्या कॉमन सर्व्हिस सेंटरमधून टेलि-लॉ सेवेत वकिलाचा सल्ला घेता येतो. नुसतं “माझं बरोबर आहे का?” एवढंच विचारायचं असेल तर तो बरा मार्ग. पण केस लढवायची असेल तर शेवटी अर्ज करावाच लागतो.

कागद

हे घेऊन जा, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स: आधार किंवा मतदार ओळखपत्र, ज्या कारणानं पात्र आहात त्याचा पुरावा, म्हणजे जातीचा दाखला, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, कारखान्याचं ओळखपत्र किंवा उत्पन्नाचा दाखला, आणि प्रकरणाचे जे काही कागद हाती असतील ते, समन्स, नोटीस, एफआयआरची प्रत, जुना आदेश. महिलेला पात्रतेसाठी ओळखपत्राशिवाय काहीच लागत नाही. तिच्याकडे कुणी उत्पन्नाचा दाखला मागितला तर “कलम १२ मध्ये महिलांना उत्पन्नाची अट नाही” एवढं एक वाक्य पुरतं.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा असतो. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या सेतूत, महा ई-सेवा केंद्रात किंवा ‘आपले सरकार’वर त्यासाठी अर्ज करता येतो. पण दाखला येईपर्यंत थांबून राहू नका. कायद्याच्या कलम १३ प्रमाणे उत्पन्नाबद्दल अर्जदाराचं प्रतिज्ञापत्र पुरेसं धरता येतं, त्यावर अविश्वास ठेवायला कारण असेल तरच जास्त चौकशी होते. अर्ज प्रतिज्ञापत्रावर द्या, दाखला मागाहून जोडा.

प्रतिज्ञापत्रावरून आठवलं. न्यायालयाबाहेरच्या टायपिंगच्या टेबलांवर तुम्हाला पाचशेचा स्टॅम्प पेपर घ्यायला सांगतील. शासकीय कार्यालयात किंवा न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे. ते साध्या कागदावर चालतं. वकील परवडत नाही म्हणून मोफत वकील मागायला निघालेल्या माणसाचे पाचशे रुपये पहिल्याच टेबलावर जावेत, याला काय म्हणावं!

मालमत्तेचं प्रकरण असेल तर शहरातल्या जागेची आखीव पत्रिका, नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) लेआउटमधला भूखंड असेल तर नियमितीकरणाचं पत्र, गावाकडची शेती असेल तर सातबारा आणि फेरफार जोडा. मूळ कागद मात्र कुणाच्याही हातात ठेवून येऊ नका. विक्रीपत्र, लग्नाचे फोटो, दागिन्यांच्या पावत्या हे सगळं न्यायालयात दाखल करायच्या दिवशीच बाहेर काढायचं, तेही यादी करून, यादीवर वकिलाची सही घेऊन.

अर्ज असा लिहा

छापील फॉर्म कार्यालयात मिळतो. फॉर्म नसेल तर साधा कागद चालतो. मराठीत लिहा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, तिथं बसलेले विधी स्वयंसेवक किंवा वकील ते लिहून घेतात आणि तुमचा अंगठा घेतात. हा तुमचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही.

फॉर्ममध्ये “तक्रारीचा थोडक्यात तपशील” असा रकाना असतो. लोक तिथं दोन टोकं गाठतात. कुणी “न्याय मिळावा ही विनंती” एवढंच लिहितं, तर कुणी लग्नाच्या आधीपासून सुरू करतं. दहा ओळी पुरतात, पण त्यात तारखा हव्यात. नमुना बघा:

“मी हिंगणा एमआयडीसीतल्या कंपनीत पॅकिंगचं काम करते. माझं लग्न २०१६ साली झालं. दोन मुलं, वय ७ आणि ४. मागच्या दिवाळीनंतर पतीनं घराबाहेर काढलं, तेव्हापासून मी माहेरी राहते. पती खर्चाला काही देत नाही. पतीनं कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाची केस टाकली आहे, समन्स मला या महिन्याच्या ३ तारखेला मिळालं, पुढची पेशी १९ तारखेला आहे. मला या केसमध्ये बचावासाठी आणि स्वतःच्या व मुलांच्या पोटगीसाठी वकील हवा आहे. आधी वकील लावलेला नाही.”

यातली शेवटची तीन वाक्यं सगळ्यात कामाची. पेशी कधी आहे, नेमकं काय हवं आहे आणि आधी वकील आहे का, हे एका नजरेत कळलं की अर्ज ढिगात खाली जात नाही. पेशी जवळ असेल तर अर्जाच्या वर लाल शाईनं “पुढील पेशी: १९ तारीख, तातडीचे” असं लिहा. अगदी बाळबोध वाटेल, पण उपयोग होतो.

केस आधीच चालू असेल तर सीएनआर क्रमांक, म्हणजे केसचा ओळख क्रमांक, लिहा. तो सोळा अक्षर-आकड्यांचा असतो आणि समन्सवर किंवा जुन्या आदेशावर सापडतो. ई-कोर्ट्सच्या मोफत ॲपमध्ये तो टाकला की पेशीची तारीख, न्यायालय आणि आजवरचे आदेश दिसतात. वकील मिळाल्यावरही हे ॲप मोबाइलमध्ये असू द्या. “माझी तारीख कधी आहे?” हे विचारायला वकिलाच्या मागं फिरावं लागत नाही.

अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घ्या. आवक क्रमांक नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. नियमाप्रमाणे अर्जावर लगेच, जास्तीत जास्त ७ दिवसांत निर्णय व्हायला हवा. आठव्या दिवशी ती शिक्क्याची प्रत घेऊन जा आणि शांतपणे विचारा.

तारीख तुमच्यासाठी थांबत नाही

सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. लोकांना वाटतं, अर्ज केला म्हणजे केस थांबली. अर्ज प्राधिकरणाकडे आहे आणि केस न्यायालयात आहे. ही दोन वेगळी दारं आहेत, आणि एकाला दुसऱ्याची खबर आपोआप नसते.

दिवाणी दाव्याचं समन्स मिळालं की ३० दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला तुमचं लेखी उत्तर, द्यावी लागते. कारण पटलं तर न्यायालय ९० दिवसांपर्यंत वेळ वाढवून देतं. नाही दिली तर “नो डब्ल्यूएस”चा (कैफियत आलीच नाही असा) आदेश होतो आणि मग तो रद्द करून घ्यायला वेगळा अर्ज, वेगळा खर्च. पेशीला गेलातच नाही तर दावा एकतर्फी चालतो. चेक न वटल्याची नोटीस आली तर पैसे द्यायला १५ दिवस असतात. दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपील ३० दिवसांत, उच्च न्यायालयात ९० दिवसांत.

म्हणून वकील नेमून येण्याआधीच पेशी आली तर स्वतः जा. पुकारा झाला की उभं राहून सांगा: “साहेब, मला वकील परवडत नाही. विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला आहे, ही त्याची प्रत. वकील मिळेपर्यंत वेळ द्यावी.” साध्या कागदावर हेच लिहून मुदतीचा अर्ज म्हणून रीडरकडे (न्यायाधीशांसमोर बसणाऱ्या कर्मचाऱ्याकडे) द्या. बहुतेक न्यायालयं पहिल्यांदा वेळ देतात. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच सांगितलं तर देतीलच असं नाही.

बाईमाणसासाठी आणखी एक गोष्ट. पोटगी, घटस्फोट, मालमत्तेचा वाद, हिंसाचार या प्रकरणांत महाराष्ट्रात महिलांना १९९४ च्या शासन अधिसूचनेनं कोर्ट फी माफ आहे. विधी सेवेचा वकील घेतला नाही, खासगी लावला, तरीही ही माफी लागू होते. खासगी वकिलानं “कोर्ट फीचे” म्हणून मोठी रक्कम सांगितली तर हे लक्षात असू द्या.

वकील मिळाल्यावर

नेमणुकीचं पत्र येतं. त्यात वकिलाचं नाव आणि फोन असतो. एक प्रत तुम्हाला, एक वकिलाला. इथं वाट बघत बसू नका, दोन दिवसांत तुम्हीच फोन करा. पॅनलवरच्या, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतल्या, वकिलांची खासगी प्रॅक्टिसही चालू असते, सकाळी अकरा ते दुपारी दोन ते न्यायालयात असतात. संध्याकाळी फोन करा किंवा आधी संदेश पाठवा: नाव, केस क्रमांक, पेशीची तारीख. पॅनलवरचा एखादा वकील तुम्हाला हवा असेल तर अर्जातच तसं लिहा. मिळेलच असं नाही, पण विचारात घेतात.

पहिल्या भेटीला जाताना एक पान तयार ठेवा. डावीकडे तारखा, उजवीकडे काय घडलं. एका ओळीत एक घटना. त्या घटनेचा कागद असेल तर त्याच ओळीत खूण करा. वकिलाला तुमची पूर्ण कहाणी ऐकायला वीस मिनिटं मिळतील, या पानानं त्यातली पंधरा वाचतात. तुमच्या विरुद्ध जाणारी गोष्टही सांगा. तुम्ही रागात पाठवलेला संदेश समोरचा वकील उलटतपासणीत काढणारच आहे, तो तुमच्या वकिलानं तिथं पहिल्यांदा ऐकू नये.

वकालतनामा म्हणजे वकिलाला तुमच्या वतीनं उभं राहायचा अधिकार देणारा कागद. कोऱ्या वकालतनाम्यावर सही करू नका, न्यायालयाचं नाव आणि केस क्रमांक भरलेला असू द्या. बाकी कोऱ्या कागदांवर तर मुळीच नाही.

आधी खासगी वकील लावलेला असेल तर? त्याच्याकडून ना-हरकत लिहून घ्या, मग विधी सेवेचा वकील उभा राहू शकतो. आधी दिलेली फी प्राधिकरण परत करत नाही. आणि विधी सेवा घेत असताना गुपचूप खासगी वकील लावला, उत्पन्न लपवलं किंवा वकिलाला सहकार्य केलं नाही, तर विधी सेवा काढून घेता येते. त्याआधी तुम्हाला नोटीस मिळते. तिला उत्तर द्या, दुर्लक्ष करू नका.

अटक झाली तर

इथं पात्रतेचा प्रश्नच नाही. कोठडीतला माणूस कोणत्याही उत्पन्नाचा, कोणत्याही जातीचा असो, त्याला वकील मिळतो. अटकेनंतर २४ तासांत (प्रवासाचा वेळ सोडून) न्यायाधीशांपुढं उभं करावंच लागतं. तिथं वकील नसेल तर न्यायाधीशांनी विचारायचं असतं, आणि नाही विचारलं तर आरोपीनंच सांगायचं. मोफत वकील मागितला नाही म्हणून तो नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८६ सालीच सुक दासच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे.

फौजदारी खटल्यात आरोपींसाठी आता लोकअभिरक्षक कार्यालय आहे. तिथले वकील पूर्णवेळ हेच काम करतात, खासगी केस घेत नाहीत. मुख्य, उपमुख्य आणि सहायक लोकअभिरक्षक अशी त्यांची उतरंड आहे. हे आरोपींसाठीच, फिर्यादीला किंवा पीडितेला वकील हवा असेल तर पॅनलवरचा मिळतो.

घरच्यांनी काय करायचं? पोलीस ठाण्याचं नाव, गुन्हा क्रमांक, कलमं आणि अटकेची वेळ एका कागदावर लिहून थेट लोकअभिरक्षक कार्यालयात जायचं. अटकेची कारणं लेखी मिळाली का, हे वकिलाला सांगायचं, जामिनाच्या अर्जात याला फार महत्त्व असतं. आरोपपत्राची तारीखही मोजत राहा. गुन्ह्याच्या गांभीर्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, पण आरोपपत्र येण्याआधी अर्ज करावा लागतो. एक दिवस उशीर झाला की संधी गेली.

वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहातल्या कैद्याला विधी सेवेसाठी बाहेर कुणी असायलाच हवं असं नाही. तुरुंगात विधी सेवेचं केंद्र असतं, तिथं अर्ज लिहून घेतात. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्यानं (ज्याचा खटला अजून संपलेला नाही) संभाव्य कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, इतरांनी निम्मा, तर १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ खाली सुटकेचा विचार होतो. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून जास्त खटले चालू असलेल्यांना ही सवलत नाही.

आणि जामीन मंजूर झाला तरी माणूस आतच राहतो, असं बऱ्याचदा घडतं. जामीनदार मिळत नाही, ऐपतीचा दाखला वेळेत येत नाही. सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंगानं प्राधिकरणाला कळवायचं, असे सर्वोच्च न्यायालयाचे २०२३ चे निर्देश आहेत. तरी घरच्यांनी स्वतः जाऊन सांगितलेलं बरं. वकील अट शिथिल करण्याचा, रक्कम कमी करण्याचा किंवा जातमुचलक्यावर (जामीनदाराशिवाय, स्वतःच्या हमीवर) सोडण्याचा अर्ज करू शकतो.

वकील कामच करत नसेल

असं होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. पॅनलवरचे कितीतरी वकील मन लावून काम करतात, काही पेशीला ज्युनिअर पाठवून तारीख घेतात. पण एक तारीख वाढली म्हणजे वकील वाईट, असं नाही. न्यायाधीश रजेवर असतात, साक्षीदार येत नाही, बोर्ड लांब असतो. सलग तीन पेश्यांना कुणीच उभं राहिलं नाही, फोन उचलत नाही, कैफियतीचा मसुदा दाखवत नाही, तर मग हलायचं.

भांडू नका, लिहा. सचिवांच्या नावे एका पानाचा अर्ज: नेमणूक पत्राचा क्रमांक, कोणत्या तारखांना काय झालं, आणि “दुसरा वकील द्यावा ही विनंती”. प्राधिकरणाकडे देखरेख समिती असते, ती वकिलाकडून केसचा अहवाल मागवू शकते. वकील बदलून मिळतो. पण दर दोन महिन्यांनी बदलून मागितला तर तुमच्याच म्हणण्यावरचा विश्वास उडतो.

पैसे मागितले तर? “झेरॉक्सचे”, “बेलिफाचे”, “साहेबांचे” अशी नावं असतात. विधी सेवेच्या प्रकरणात वकिलाला अशिलाकडून काहीही घ्यायची मनाई आहे. देऊ नका आणि त्याच दिवशी लेखी कळवा. आवारात “मी तुमचं लीगल एडचं काम करून देतो” म्हणणारे भाऊही भेटतील. अर्ज फुकट, फॉर्म फुकट, मध्यस्थाची गरज नाही.

अर्ज नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. त्यावर प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील करता येतं. बऱ्याचदा कारण एवढंच असतं की कागद अपुरे आहेत. ते जोडून नवा अर्ज दिला तर अपिलापेक्षा लवकर काम होतं.

केस न लढताही

दाखल होण्याआधीच वाद मिटण्यासारखा असेल तर त्याच कार्यालयात दाखलपूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीसाठी (तडजोडीनं वाद मिटवण्यासाठी) अर्ज करा. वीजबिल, विमा, दवाखाना, पाणीपुरवठा अशा सार्वजनिक सेवांच्या तक्रारींसाठी नागपुरात स्थायी लोकअदालत आहे. तिथं फी नाही, १ कोटी रुपयांपर्यंतचे वाद चालतात, आणि तडजोड झाली नाही तर ती स्वतः निर्णयही देऊ शकते. साधी लोकअदालत तसं करत नाही, तिथं दोघांचं जमलं तरच निवाडा. पण तो निवाडा झाला की त्यावर अपील नाही. म्हणून तडजोडीच्या कागदावर सही करण्याआधी रक्कम, हप्ते आणि तारीख मोठ्यानं वाचून घ्या. “बघू, देऊ” असं तोंडी आश्वासन निवाड्यात येत नाही. चालू केस लोकअदालतीत मिटली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते.

आईवडिलांना मुलं सांभाळत नसतील तर उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे त्यांना स्वतःच अर्ज करता येतो. घरगुती हिंसाचारात संरक्षण अधिकाऱ्याकडे अहवाल नोंदवून घेता येतो. बलात्कार किंवा ॲसिड हल्ल्यातल्या पीडितेला आर्थिक मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेचा अर्जही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेच जातो.

निकाल लागल्यावर

निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज टाका. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस अपिलाच्या मुदतीतून वगळले जातात, पण अर्ज करायला तुम्ही लावलेले दिवस वगळले जात नाहीत. खालच्या न्यायालयातला वकील अपिलात आपोआप उभा राहत नाही, त्यासाठी नवा अर्ज लागतो. उच्च न्यायालयात जायचं असेल तर खंडपीठातल्या उपसमितीकडे निकालाची नक्कल आणि जुन्या नेमणूक पत्राची झेरॉक्स घेऊन जा. उशीर झालाच असेल तर का झाला ते तारखांसह लिहा, आजारपण असेल तर मेडिकलची चिठ्ठी जोडा. आणि वकिलाकडे दिलेले मूळ कागद त्या यादीवर एकेक खूण करत परत घ्या. न्यायालयात दाखल केलेले मूळ दस्तऐवज अपिलाची मुदत संपल्यावर परत मिळतात, त्यासाठी वेगळा अर्ज करायचा असतो.